शीख म्हणजे हिंदूच ना? मुलीचं लग्न शीख घरात ठरलेल्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी तो माझ्या शब्दांत परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशावर बोलतोय. मुलगी पुण्यात नोकरीला, तिथेच पतियाळाकडच्या शीख मुलाशी जमलं, दोन्ही घरं राजी, लग्न गुरुद्वाऱ्यात व्हावं अशी त्यांची इच्छा. तुमचे दीर म्हणतात "शीख म्हणजे आपलेच, हिंदूच". भाच्याने कुठेतरी वाचलंय की हिंदू अधिक मुसलमान बरोबर शीख. आणि होणारा जावई म्हणतो आम्ही या दोन्हीत नाही. तुम्हाला स्वतःला खटकलंय ते वेगळंच, की मूर्ती मानत नाही म्हणतात आणि मग गुरु ग्रंथसाहिब या त्यांच्या धर्मग्रंथावर रुमाल काय पांघरतात, चवरी काय ढाळतात, रात्री निजवतात काय, ही मूर्तिपूजा नाही तर काय. आणि अगदी शेवटी एक ओळ, "मुलीला तिथे गणपती बसवता येईल का?" मला वाटतं खरा प्रश्न हा शेवटचाच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आधीचा घसा साफ करणं.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा. मी नांदेडचा, घर वारकरी, मी स्वतः शीख नाही. बावीस-तेवीस वर्षं झाली, बाहेरगावहून येणाऱ्या मराठी ग्रुपना इथले गुरुद्वारे दाखवतो आणि चाललेल्या कीर्तनाचा अर्थ मराठीत सांगतो. गुरमुखी लिपी एका म्हाताऱ्या ग्रंथींकडे, म्हणजे गुरुद्वाऱ्यात ग्रंथ वाचणाऱ्यांकडे, शिकलो, त्यांना सगळे भाईजी म्हणायचे. त्यामुळे शीख विद्वान म्हणून नाही, शेजारी म्हणून लिहितोय, पण रोज खिडकीतून बघणारा शेजारी.

सुरुवातीला मीही तुमच्या भाच्याचंच गणित सांगायचो. भक्ती हिंदूंकडून घेतली, एक देव मुसलमानांकडून, झाला शीख धर्म. बसमधले लोक माना डोलवायचे, सोपं पडायचं. एकदा भाईजींनी ते ऐकलं आणि चहाला बोलावलं. रागावले नाहीत, ग्रंथातलं एक पद समोर ठेवून म्हणाले वाच. मी वाचलं: "आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ". ताई, हे वाचायला पंजाबी यावी लागते का? आणिले, भराईले! पुढे नैवेद्याचा "नैवेदु" आहे, विटाळण्याचं "बिटारिओ" आहे, आणि कडव्याकडव्याला "बीठलु" येतो. आपले नामदेव महाराज. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.

पदाचा अर्थ असा. घागर भरून आणली देवाला आंघोळ घालायला, पण पाण्यात बेचाळीस लाख जीव आहेत, विठ्ठल त्यातही आहेच, मग कशाला घालू? फुलं आणून माळ ओवली, पण आधी भुंग्याने वास घेतला, त्या भुंग्यातही विठ्ठल. दूध आणून खीर रांधली, पण दूध आधी वासराने उष्टावलं, तिथेही विठ्ठल, मग नैवेद्य कुणाला दाखवू? भाईजींनी विचारलं, सांग हे हिंदूचं की मुसलमानाचं? मी म्हटलं हिंदूचं, विठ्ठल आहे की. ते म्हणाले, मग आंघोळ का घालत नाहीये? मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून अधिक-बरोबरवालं गणित सोडून दिलं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे आणि तुम्हालाही तीच सुचवीन. शीख आणि इतर धर्म यांची तुलना करताना कुठला शब्द कुणाकडून आला हे शोधत बसू नका, तो शब्द तिथे काय काम करतो ते बघा. शब्द तर सगळे ओळखीचेच निघणार. राम आहे, हरी आहे, अल्ला आहे, कर्म, माया, मुक्ती, गुरू सगळं आहे.

उदाहरणार्थ राम. गुरबाणीत, म्हणजे ग्रंथातल्या वाणीत, राम सारखा येतो, तो ऐकून आपली माणसं खूश होतात. पण ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत, ज्याला मूलमंत्र म्हणतात त्यात, ईश्वराला "अजूनी" म्हटलंय, म्हणजे जो योनीत येत नाही, जन्म घेत नाही. आता जो जन्मालाच येत नाही त्याला अवतार कसा असेल? त्यामुळे तिथला राम बहुतेक ठिकाणी सगळीकडे भरून राहिलेला तो, दशरथाचा मुलगा नाही. दशरथाच्या रामाचा, कृष्णाचा उल्लेखही येतो पण उपासनेचं दैवत म्हणून त्यांची पूजा सांगितलेली नाही. शब्द आपला, काम दुसरं.

कर्माचं तसंच. पुनर्जन्म मानतात, चौऱ्यांशी लाखाचा फेरा मानतात, इथपर्यंत हिंदू, जैन, बौद्ध यांच्या घरातलं. पण जपुजीत, म्हणजे ग्रंथाच्या सुरुवातीच्या रचनेत, गुरु नानकांची ओळ आहे, "करमी आवै कपड़ा नदरी मोखु दुआरु". कर्माने कपडा म्हणजे हे शरीर मिळतं, मोक्षाचं दार मात्र नदरेने, त्याच्या कृपादृष्टीने. कर्म संस्कृतातलं आणि नदर म्हणजे आपली नजर, अरबीतून आलेली. भाचा म्हणेल बघा अर्धं अर्धं! पण ओळ काय म्हणतेय ते बघा ना, हिशोब कुठपर्यंत चालतो आणि कुठे थांबतो ते सांगतेय. कमाई करून मोक्ष विकत घेता येत नाही. म्हणून उपास, तीर्थस्नान, जपमाळेचे आकडे यांना तिथे पुण्याचं चलन म्हणून किंमत नाही.

कृपा म्हटलं की ख्रिश्चन मित्रांना जवळचं वाटतं, पण तिथे कृपा येशूच्या बलिदानातून येते आणि माणूस मुळात पापाच्या ओझ्याखाली मानलेला असतो. इथे मूळ पाप नाही. मूळ रोग आहे, त्याचं नाव हउमै, म्हणजे "मी मी". ग्रंथातल्या आसा दी वार या रचनेत दुसरे गुरु अंगददेव म्हणतात हउमै जुनाट रोग आहे पण औषधही त्यातच आहे. बौद्ध मित्र म्हणतील हे तर आमचंच, मीपण हा भ्रमच. हो, पण बुद्धाच्या मार्गाला कर्ता ईश्वर लागत नाही, आणि इथे मीपण गळालं की उरतो तो हुकुम, त्याची इच्छा, तिच्याशी जुळवून चालायचं. हे ऐकून मुसलमान मित्र मान डोलवतो, कारण इस्लाम या शब्दाचा अर्थच ईश्वराला शरण जाणं असा. हे असंच चालतं, प्रत्येकाला एक खोली ओळखीची वाटते आणि घर मात्र कुणाचंच नसतं.

इस्लामशी तुलना तुमच्या घरात निघणारच म्हणून थोडं थांबतो. साम्य उघड आहे, निराकार एक देव, मूर्ती नाही, एका रांगेत सगळे सारखे. शेख फरीद या सूफींची वाणी ग्रंथात आहे, कबीर आहेत. पण फरकही तितकाच ठळक आहे. शेवटचा पैगंबर ही कल्पना नाही, पुनर्जन्म आहे, कीर्तन रागदारीत गायलं जातं (ग्रंथाची मांडणीच ३१ रागांनुसार आहे), आणि खालसा शिखाला, म्हणजे अमृत पिऊन दीक्षा घेतलेल्याला, हलाल पद्धतीचं मांस वर्ज्य. इतिहास वेगळा विषय, पण एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गुरु नानकांनी जानवं घालायला नकार दिला, दयेचा कापूस नि संतोषाचं सूत असलेलं जानवं असेल तर द्या म्हणाले. आणि त्यांच्याच गादीवरचे नववे गुरु तेगबहादूर, १६७५ साली दिल्लीत चांदणी चौकात त्यांचं शीर उतरवलं गेलं, आणि शीख परंपरा सांगते की ते गेले काश्मिरी पंडितांच्या टिळ्या-जानव्यासाठी. स्वतः न घालणाऱ्या जानव्यासाठी. मी ग्रुपला हे सांगतो तेव्हा हिंदू-शीख वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक थोडा वेळ गप्प होतात.

आता तुमची ग्रंथाची शंका. ती अजिबात भाबडी नाही, मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं.

आधी काय चालतं ते बघू. पहाटे ग्रंथ वाजतगाजत आणून मंजीवर उघडतात, त्याला प्रकाश म्हणतात, रात्री मिटून नेतात ते सुखासन. वर चांदवा, अंगावर रुमाला, मागे चवरी. हे सगळं दरबाराचं आहे, राजा बसला की जे जे करायचं ते. कारण १७०८ मध्ये इथे नांदेडला, गोदावरीच्या काठी, दहावे गुरु गोविंदसिंग जाण्याआधी सांगून गेले की आता माणूस गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. ग्रंथ त्याच्या शंभर वर्षं आधी, १६०४ ला, पाचव्या गुरु अर्जनदेवांनी सिद्ध करून घेतला होता, नवव्या गुरूंची वाणी पुढे त्यात आली. १४३० पानं, पण पान म्हणायचं नाही, अंग म्हणतात.

आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, मग देव तिथे राहायला येतो, त्याला आंघोळ, वस्त्र, नैवेद्य. ग्रंथाची प्राणप्रतिष्ठा नाही, आंघोळ नाही. त्याच्याकडून एकच गोष्ट हवी असते, तो उघडायचा आणि वाचायचा. रोज सकाळी जे अंग उघडेल तिथला शब्द म्हणजे त्या दिवसाचा हुकुमनामा. न उघडता नुसता कपाटात पुजलेला ग्रंथ, ही कल्पना तिथे बसत नाही. मला यातलं सगळ्यात जवळचं साम्य ज्यू लोकांत दिसतं, आपल्या अलिबागकडच्या बेने इस्रायल लोकांच्या सिनेगॉगमध्ये तोराहची गुंडाळी वस्त्रात असते, ती बाहेर काढली की सगळे उभे राहतात. मान शब्दाला, कागदाला नाही. पण तिथेही तोराहला कुणी गुरू म्हणत नाही आणि मुसलमानही कुराणाला पैगंबर म्हणत नाहीत. पुस्तकालाच गुरूच्या गादीवर बसवणं हे शिखांचं एकट्याचं.

हे झालं तत्त्व. आता प्रामाणिकपणे, रोज बघणारा म्हणून सांगतो. कितीतरी लोक येतात, माथा टेकतात, नोट टाकतात, कढा प्रसाद घेतात आणि एक शब्द न ऐकता निघून जातात. त्यांच्या मनात ग्रंथ आणि मूर्ती यात फार फरक असेल असं मला वाटत नाही. जाणते शीख याबद्दल आपल्यापेक्षा जास्त चिडतात.

आणि नांदेडला तर गंमतच आहे. संध्याकाळी सचखंडात, म्हणजे इथल्या मुख्य गुरुद्वाऱ्यात, आरती होते, दिव्यांची ताटं घेऊन. पंजाबातून पहिल्यांदा आलेली माणसं चमकतात. एकदा लुधियानाकडच्या एका काकूंनी मला धरलं, "इथे दिवे कसे काय?" कारण शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मंजूर केलेली जी शीख रहित मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, आहे, तिच्यात दिवे ओवाळून आरती करणं गुरमताविरुद्ध, म्हणजे गुरूंच्या शिकवणीविरुद्ध, म्हटलंय. पण नांदेडची जुनी दख्खनी परंपरा वेगळी, इथलं बोर्डही १९५६ च्या वेगळ्या कायद्याखालचं. इथे शस्त्रांना चंदन लागतं, ग्रंथसाहिबाबरोबर दसम ग्रंथाचाही, म्हणजे दहाव्या गुरूंच्या नावाच्या ग्रंथाचाही, प्रकाश असतो. आता यातली मजा बघा, त्या आरतीत जे गातात ते गुरु नानकांचं पद आहे, "गगन मै थालु रवि चंदु दीपक बने", आकाशाचं ताट, सूर्यचंद्राचे दिवे, ताऱ्यांचे मोती, जगन्नाथपुरीच्या आरतीला दिलेलं उत्तर अशी त्याची कथा आहे. म्हणजे ताट-दिवे कशाला हवेत असं सांगणारं पद, आणि हातात ताट-दिवे! काकूंना मी हेच सांगितलं, त्या हसल्या आणि मग त्यांनीही हात जोडले. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक तख्त आहे, त्याला कमी शीख म्हणायची कुणाची टाप नाही. सांगायचं हे की "शीख लोक असं मानतात" या वाक्यात कुठले शीख हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दिरांच्या "हिंदूच" बद्दल. त्या एका शब्दात तीन प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत, म्हणूनच वाद संपत नाही. कायद्याने बघितलं तर हिंदू विवाह कायदा १९५५ शिखांनाही लागू आहे, राज्यघटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातही मंदिरप्रवेशाच्या संदर्भात हिंदू या शब्दात शीख, जैन, बौद्ध धरलेत (आणि त्याच कलमात कृपाण बाळगायचा हक्क शिखांना वेगळा दिलाय). तुमच्या उपयोगाचं एवढंच की या लग्नासाठी स्पेशल मॅरेज अॅक्टकडे जायची सक्ती नाही. इतिहासाने बघितलं तर सगळे गुरू खत्री या पंजाबी जातीतले, गुरु नानक तर हिंदू घरातच जन्मलेले, नात्यागोत्याची गुंतागुंत आजही आहे. श्रद्धेने बघितलं तर रहित मर्यादेत शिखाची व्याख्याच अशी आहे की एक अकाल पुरख (काळापलीकडचा ईश्वर), दहा गुरू, गुरु ग्रंथसाहिब आणि दहाव्या गुरूंचं अमृत यांवर विश्वास आणि दुसऱ्या कुठल्या धर्माला न मानणं. काहनसिंग नाभा या शीख विद्वानांनी १८९८ मध्येच "हम हिंदू नहीं" नावाचं पुस्तक काढलं होतं. म्हणजे दीर पहिल्या-दुसऱ्याबद्दल बोलताहेत, जावई तिसऱ्याबद्दल. दिरांनी प्रेमाने म्हटलेलं "आपलेच" समोरच्याला "तुम्ही वेगळे कुणी नाहीच" असं ऐकू येतं. बैठकीत ते वाक्य टाळलेलं बरं, एवढं त्यांना सांगा.

मला विचाराल तर शिखांना सगळ्यात जवळची आपली माणसं म्हणजे वारकरी. नाम, कीर्तन, संत, संसारात राहून भक्ती, एका पंगतीला बसणं. लंगरमध्ये बसलं की मला दिंडीतली पंगतच आठवते. पण वारकऱ्यांनी विठ्ठलाची मूर्ती ठेवली, एकादशी ठेवली, वारी ठेवली. नामदेवांचं मूर्तीपलीकडचं पद पंजाबात ग्रंथाच्या केंद्राशी गेलं, आणि इकडे आपण त्यांच्या नावाची पायरी करून मूर्तीच्या दर्शनाला जातो. यात कुणी चुकलं असं मला वाटत नाही, रस्ते वेगळे झाले इतकंच. दुसरा मोठा फरक खालसा, म्हणजे दहाव्या गुरूंनी उभा केलेला अमृतधारी शिखांचा पंथ. १६९९ ला आनंदपूरला ज्या पाच जणांनी शीर द्यायची तयारी दाखवली त्यात एक खत्री, एक जाट, एक पाणी वाहणारा, एक न्हावी (हे भाई साहिबसिंग, बिदरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच) आणि एक छिंबा, म्हणजे नामदेवांच्याच जातीचा. आणि गुरूंनी आधी त्यांना अमृत दिलं, मग हात जोडून त्यांच्याकडून स्वतः घेतलं. गुरू शिष्यापुढे वाकतो, असा प्रसंग मला दुसऱ्या कुठल्या धर्मस्थापनेत सहज आठवत नाही.

पण म्हणून जात संपली असं समजू नका. पंजाबात लग्नाच्या जाहिरातीत जट, खत्री, रामगढिया सगळं छापलेलं असतं, काही गावांत जातवार गुरुद्वारेही आहेत. ग्रंथ एक सांगतो आणि विहिणी-व्याही दुसरं करतात, आपल्याला हे काही नवीन नाही.

तर आता कामाचं. इथून पुढे सगळं "त्यांचं घर कसलं" यावर अवलंबून आहे. अमृतधारी असतील, म्हणजे अमृत घेऊन पाच ककार (केस, कंगवा, कडं, कच्छा, कृपाण) पाळणारे, तर नियम कडक. नुसते केशधारी असतील, पगडी-दाढी आहे पण अमृत घेतलेलं नाही, तर बरंचसं मोकळं. केस कापलेले असतील तर कित्येक घरांत गुरुनानक आणि देवीचा फोटो एकाच भिंतीवर सापडतो. तुम्ही हे लिहिलेलं नाही, त्यामुळे मी तिन्ही धरून सांगतो.

आनंद कारज, म्हणजे शिखांचा लग्नविधी. आपल्याकडे अग्नी साक्षी आणि सप्तपदी, त्यांच्याकडे गुरु ग्रंथसाहिबाभोवती चार फेरे, प्रत्येकाला एक लाव, चौथ्या गुरु रामदासांची रचना. मुलगा पुढे, मुलगी त्याचा पल्ला धरून मागे. लावांचे शब्द ऐकलेत तर त्यात नवराबायकोचे करार नाहीत, जीव आणि परमेश्वर यांच्या मिलनाच्या चार पायऱ्या आहेत. मराठी नातेवाइकांना मी अर्थ सांगतो तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं, पुरुष जेवण कधी विचारतात.

अडचण एक आहे, ती आधीच कळलेली बरी. रहित मर्यादेनुसार आनंद कारज दोघंही शीख असतील तरच. प्रत्यक्षात हिंदू-शीख जोडप्यांचे आनंद कारज भारतात भरपूर होतात, पण ते त्या त्या गुरुद्वाऱ्याच्या कमिटीवर आहे. काही ठिकाणी काहीच विचारत नाहीत, काही ठिकाणी मुलीच्या नावापुढे कौर लावायला किंवा काही लिहून द्यायला सांगतात, काही सरळ नाही म्हणतात. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने हॉल, केटरिंग सगळं बुक केलं आणि दहा दिवस आधी कळलं की तिथे होणार नाही, मग धावाधाव. म्हणून तारीख धरायच्या आधी मुलाच्या वडिलांनी स्वतः जाऊन तिथल्या ग्रंथींशी बोलावं. आणि मुलीला स्पष्ट विचारा, काही लिहून द्यायचं असेल तर ते तिला मनापासून मान्य आहे का. ग्रंथासमोर चार फेरे घ्यायचे आणि मनात म्हणायचं हे नुसतं फोटोपुरतं, हे त्यांच्यावरही अन्याय आणि तिच्यावरही.

मुहूर्ताचा हट्ट धरू नका. पत्रिका, शुभदिवस बघणं त्या मर्यादेत सरळ नाकारलंय, शिवाय आनंद कारज बहुतेक सकाळी दुपारच्या आत उरकतात, गोरज मुहूर्त तिथे जमणारच नाही. हळद त्यांच्याकडेही असते, मेंदी असते, त्यात मजा येईल. मंगलाष्टकं नि अंतरपाट हवेच असतील तर आदल्या दिवशी घरी वेगळं ठेवता येईल का विचारा, कट्टर घर असेल तर एका लग्नाला दोन विधी त्यांना पटणार नाहीत, तेव्हा ताणू नका. मुंडावळ्या ग्रंथासमोर नकोत, ते स्वतःचा सेहराही तिथे काढून ठेवतात. डोकं सगळ्यांचं झाकलेलं हवं, चार-पाच डझन रुमाल आधीच घेऊन ठेवा. आणि तुमच्याकडचे जे काका तंबाखू मळतात त्यांची पुडी गाडीतच राहू दे, ती खिशात घेऊन आत गेलेलं दिसलं तर खरंच वाईट वाटतं त्यांना, दारूपेक्षाही तंबाखूचा राग जास्त.

कढा प्रसाद देतील तेव्हा बसून, दोन्ही हात जुळवून ओंजळीत घ्यायचा. कणीक, तूप, साखर सारख्या वजनाने, तुपाचे हात होणार, रुमाल तेव्हाही कामाला येतो. आपली माणसं एक हात पुढे करतात किंवा "डाएट चालू आहे" म्हणतात, दोन्ही नको.

लग्नानंतरचं. गणपती. तत्त्वाने बघितलं तर नाही, मूर्ती बसवणं गुरमतात बसत नाही आणि अमृतधारी घरात तुम्ही तो आग्रह धरूच नये. बाकी घरांत मी दोन्ही बघितलंय, दीड दिवसाचा गणपती बसवून सासऱ्यांनी मोदक खाल्लेले, आणि "माहेरी जाऊन कर बेटा" म्हणून प्रेमाने पाठवलेलं. दोन्हीत मुली सुखी आहेत. दोघं पुण्यात वेगळं राहणार असतील तर प्रश्न सासरचा कमी आणि त्या दोघांचाच जास्त आहे.

पण ताई, माझ्या अनुभवात गणपतीवर कुणाचं बिनसत नाही. बिनसतं ते मूल झाल्यावर. आपल्याकडे जावळ काढायचं, मामाच्या मांडीवर बसवून, आजीला ते हवंच असतं, आणि त्यांच्याकडे केस म्हणजे देवाने दिलेली ठेव, जन्मापासून कात्री लावायची नाही. इथे मधला रस्ता निघत नाही, केस एकतर कापले जातात किंवा नाही. नावाचंही बघा, आपण पत्रिकेतून नक्षत्राचं अक्षर काढतो, ते ग्रंथ उघडून जो हुकुमनामा येईल त्याचं पहिलं अक्षर धरतात आणि नाव मुलामुलीला तेच चालतं, पुढे फक्त सिंग किंवा कौर. नावावर तडजोड होते, घरी एक, कागदावर एक. जावळावर होत नाही. एका आजीने नातवाचे केस कुणाला न सांगता कापलेले मी बघितलंय, दोन वर्षं ती दोन घरं बोलत नव्हती.

तेव्हा विहिणीशी निवांत बसाल तेव्हा पहिल्यांदा जावळाचं बोला, लग्नाआधी, मुलगा-मुलगी समोर असताना. त्यांचं उत्तर काय येतं त्यावरून घर तिन्हीपैकी कुठलं ते तुम्हाला आपोआप कळेल, आणि गणपतीचं उत्तरही बहुधा त्यातच मिळून जाईल. काय म्हणाल्या ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.